शाळेच्या अंगणातील वृक्षांची निगा



शाळेच्या अंगणातील वृक्ष ही मुलांची दुसरी वर्गखोलीच होय. परंतु त्याच वृक्षाची वाळलेली फांदी वळवाच्या वादळात मुलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मुख्याध्यापकांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळावे. चैत्रात कडुनिंब पालवला असता जी फांदी उघडीच राहते, ती मेलेली समजावी. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. त्याकडे विशेष लक्ष पुरवावे.

छाटणीचे काम मुलांकडून कदापि करवू नये. त्यासाठी गावातील जाणता माणूस बोलवावा व त्यास मजुरी रोख द्यावी. तोडलेले लाकूड हीच मजुरी ठरली, म्हणजे वाळक्या फांदीबरोबर हिरवी फांदीही खाली येते.

जड फांदी खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून थोडी कापावी, मग किंचित पुढे वरून कापावी; म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळ्याला धक्का न लावता, त्याच्या बाहेरून काढावा. त्या वळ्यातूनच जखम भरून येते. तिला डांबर फासण्याचे प्रयोजन नाही. तारांजवळचे काम महावितरणास कळवून, वीजप्रवाह बंद झाल्यावरच करावे.

आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हेही ध्यानी असावे. छाटणीत निघालेल्या लाकडाची नोंद शाळेच्या दप्तरी करावी. वृक्ष शाळेचा आहे, तसे त्याचे लाकूडही शाळेचेच आहे.