पाटी लिहिणाऱ्याची जबाबदारी

(सोलापुरात तरुण व्यावसायिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू येते. त्यामुळे इथे पाटी बनवणाऱ्याला नुसती कलाकुसर येऊन भागत नाही. त्याला कायदा, लिपी आणि माणूस, तिन्ही कळावे लागतात.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी विजापूर वेशीतल्या एका शिलाई दुकानाची पाटी केली. मराठीखाली उर्दूत नाव टाकले. संगणकावर अक्षरे सुटी पडली आणि उलट्या क्रमाने बसली. मला उर्दू वाचता येत नव्हते, पाटी तशीच चढली. दुकानदाराच्या आईने खालून पाहिले आणि म्हणाली, "बेटा, ये किसका नाम लिखा?" पाटी माझ्या पैशाने पुन्हा केली.

तेव्हापासून नियम केला. जी लिपी मला वाचता येत नाही, ती छापण्याआधी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवायची. उर्दू, तेलुगू, कन्नड, सगळ्यांसाठी. प्रूफवर ग्राहकाची सही घ्यायची. फाइल प्रेसला देताना अक्षरांचे कर्व्ह करायचे, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची, कर्व्ह केल्यावर शब्द दुरुस्त करता येत नाही.

आता कायदा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरीतले मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत. ग्राहक म्हणेल, "इंग्रजी मोठे करा." त्याला नियम सांगा. दंड त्याला होईल, पण नाव तुमचे खराब होईल.

मग उर्दू लिहायचीच नाही का? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती. तिला हरकत घेतली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे स्पष्ट सांगितले. म्हणून कुणी घाबरून उर्दू काढायला सांगितले, तर त्याला ही माहिती द्या. आणि मराठी ही लादलेली भाषा समजून कोपऱ्यात ढकलू नका. ती आपलीच आहे. आपण इथे मराठीतच बोलतो आहोत.

लोगोबद्दल तीन गोष्टी. पहिली, काळ्या रंगात आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात तो ओळखू येतो का, ते पाहा. बिलबुकावर आणि मोबाइलवर तो तेवढाच दिसणार. दुसरी, इंटरनेटवरून उचललेले चित्र देऊ नका. लोगोचे हक्क ग्राहकाला देताना लेखी द्या, तोंडी हस्तांतर कायद्यात चालत नाही. तिसरी, 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरच्या मालासाठी तसे लेबल कुणी मागितले, तर नकार द्या. ती रोजी आपल्या शेजारच्या विणकराची आहे.

पाटीचा ढोबळ हिशेब असा: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंचीचे अक्षर. रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून वाचायचे असेल तर तीन इंच. म्हणून आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, मग माप घ्या. दुकानाचे नाव आणि काम एवढेच मोठे ठेवा. बारा मोबाइल नंबर आणि मालकाचा फोटो घालून पाटी कुणी वाचत नाही.

शेवटी दराचे. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि किती दुरुस्त्या मोफत, ते आधीच लिहून द्या. ओळखीतल्या माणसालाही. त्याने नाते तुटत नाही, उलट टिकते.

त्या शिलाई दुकानाची दुसरी पाटी अजून तिथेच आहे. मराठी वर, उर्दू खाली, दोन्ही नीट वाचता येतात. आता मलाही.