रासायनिक समीकरणांचा जमाखर्च
(आकाशवाणीवरील भाषण)



रसायनशास्त्रावर भाषण करावयाचें आणि समोर ना फळा ना खडू, ही स्थिति गवयाला तंबोऱ्यावांचून मैफिलीस बसविण्यासारखी आहे. त्यांतून आजचा विषय समीकरणांचा. म्हणजे डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज जो मुळींच कळत नाहीं असा सार्वत्रिक समज आहे, नेमका तोच. शाळेंत असतांना आपणांपैकीं बहुतेकांनीं रासायनिक समीकरणें ‘जुळविलीं’ असतील. कोठें दोन घाल, कोठें तीन घाल, न जमल्यास खोडून पुन्हां घाल, असा तो खटाटोप. आणि परीक्षा आटोपतांच तो विसरून जाण्याचा हक्कहि बहुतेकांनीं बजावलेला असेल. वस्तुतः हा आंकड्यांचा खेळ नसून एक चोख हिशेब आहे, आणि तो आपल्या घरच्या न्हाणीघरापर्यंत कसा येऊन पोंचतो तें मला आज दाखवावयाचें आहे.

फळ्याच्या ऐवजीं एक मोठें ताट घ्या. जवळ तीन जातींचे दाणे असूं द्या: काळे वाटाणे, हरभरे आणि मूठभर ज्वारी. काळा वाटाणा हा कर्बाचा, म्हणजे कार्बनचा, एक अणु समजा. हरभरा हा प्राणवायूचा आणि ज्वारीचा दाणा हा हायड्रोजनचा. शिवाय कांहीं लहान वाट्या लागतील. एक वाटी म्हणजे एक रेणु. ज्यांना हें सर्व एवढ्यांत हाताशीं मिळणार नाहीं त्यांनीं मनांतच मांडावें; हिशेबांत त्यामुळें फरक पडणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मेणबत्ती जळते तेव्हां ती नाहींशी होते, असें डोळे सांगतात. लाकडें जळून चिमूटभर राख उरते. उलट लोखंड गंजलें कीं त्याचें वजन वाढतें. एकीकडे वस्तु घटते, दुसरीकडे वाढते. मग सृष्टींत नियम तो कोणता? हें कोडें ज्यानें तराजू हातीं घेऊन सोडविलें तो फ्रान्समधील लाव्हाझिये. हा गृहस्थ फ्रान्सच्या राजाचे कर मक्त्यानें वसूल करणाऱ्या मंडळाचा भागीदार होता. तेव्हां जमाखर्चाची दृष्टि त्याच्या अंगीं मुरलेली असल्यास नवल नाहीं. त्यानें कांचेच्या पात्रांत कथील घालून पात्राचें तोंड वितळवून बंद केलें, आणि मग तें तापविलें. कथलाचें भस्म झालें. पण बंद पात्राचें वजन होतें तेवढेंच राहिलें. तोंड फोडतांच बाहेरची हवा आंत शिरली आणि वजन वाढलें. म्हणजे भस्माला आलेलें अधिक वजन आंतल्या हवेंतूनच आलेलें होतें. हे प्रयोग १७७४ सालचे. पुढें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें हें तत्त्व स्पष्ट मांडलें, आणि द्राक्षाचा रस आंबण्याची क्रिया तर चक्क बीजगणितासारखी लिहून दाखविली: द्राक्षरस बरोबर कर्बाम्ल वायु अधिक मद्यार्क. ‘बरोबर’ हें चिन्ह त्यानें तेथें शोभेसाठीं घातलेलें नव्हतें. जेवढें द्रव्य क्रियेपूर्वीं होतें तेवढेंच क्रियेनंतर असलें पाहिजे, ही त्यांतील अट होती. त्याच कर-मक्त्याच्या भागीदारीपायीं ८ मे १७९४ रोजीं पॅरिस येथें त्याचा शिरच्छेद झाला. पण ती कथा आजच्या विषयाबाहेरची आहे.

ताटाच्या मधोमध एक रेघ आहे अशी कल्पना करा. डावीकडे क्रियेपूर्वीचे रेणु, उजवीकडे क्रियेनंतरचे. दोहोंकडे प्रत्येक जातीचे दाणे सारखे भरले पाहिजेत. त्यासाठीं आपण वाट्या हव्या तितक्या वाढवाव्या. वाटीच्या आंतले दाणे मात्र बदलावयाचे नाहींत. साऱ्या विद्येचें मर्म एवढेंच.

पाण्यापासून आरंभ करूं. हायड्रोजनच्या वाटींत ज्वारीचे दोन दाणे असतात आणि प्राणवायूच्या वाटींत दोन हरभरे. कारण हे दोन्ही वायु जोडीजोडीनेंच वावरतात. पाण्याच्या वाटींत ज्वारीचे दोन दाणे व एक हरभरा. डावीकडे दोन्ही वायूंची एकेक वाटी मांडली आणि उजवीकडे पाण्याची एक, तर एक हरभरा शिल्लक राहतो. विद्यार्थ्याचा हात येथें हमखास एकाच दिशेनें वळतो: तो शिल्लक हरभरा तो पाण्याच्या वाटींत टाकतो आणि मोकळा होतो. हिशेब जुळला खरा. पण त्या वाटींत आतां दोन दाणे आणि दोन हरभरे झाले, आणि तें पाणी राहिलें नाहीं. तो झाला हायड्रोजन पेरॉक्साइड. पुष्कळ पाणी मिसळून जखम धुण्यास किंवा केसांचा रंग उडविण्यास तो वापरतात. तहानेसाठीं कोणी पेला पुढें करणार नाहीं. तेव्हां तो हरभरा उचलून घ्या, पाण्याची दुसरी वाटी मांडा आणि तींत तो टाका. या वाटीलाहि ज्वारीचे दोन दाणे हवेत, म्हणून डावीकडे हायड्रोजनची आणखी एक वाटी आली. हायड्रोजनच्या दोन, प्राणवायूची एक, पाण्याच्या दोन. झालें समीकरण.

येथें थोडें थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकें ती सहसा सांगत नाहींत. अणुसिद्धांताचा प्रवर्तक जॉन डाल्टन यानें १८०८ सालच्या आपल्या ग्रंथांत पाण्याच्या वाटींत एकच ज्वारीचा दाणा आणि एक हरभरा धरला होता. त्याच्या समजुतीप्रमाणें मांडलेलें समीकरण किती सुरेख जुळतें! इकडे एक आणि एक, तिकडे एक आणि एक. जुळतें, पण तें खोटें आहे. त्याच सुमारास गे-ल्युसॅक यानें दाखविलें कीं हायड्रोजनचीं दोन मापें आणि प्राणवायूचें एक माप मिळून वाफेचीं दोन मापें होतात. एका मापाच्या प्राणवायूनें दोन मापांना पुरावें, तर त्याचा रेणु दुभंगलाच पाहिजे. म्हणजे त्याच्या वाटींत हरभरे दोन हवेत. इटलींतील अव्होगाड्रो यानें १८११ सालीं हा खुलासा केला. पण १८६० सालीं जर्मनींतील कार्ल्सरूए येथें रसायनज्ञांची परिषद भरून तींत कॅनिझारोनें या मताचा पुरस्कार करीपर्यंत त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. तेव्हां जुळलेलें समीकरण खरें असेलच असें नाहीं. न जुळलेलें मात्र खचित चूक. वाटींत काय आहे हें प्रयोगशाळेनें सांगावें, वाट्या किती हें हिशेबानें.

आतां स्वयंपाकघरांत येऊं. आपल्या सिलिंडरमधील गॅस मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन या दोन वायूंचें मिश्रण असतो. ब्यूटेनच्या वाटींत चार काळे वाटाणे आणि ज्वारीचे दहा दाणे आहेत. तो नीट जळला म्हणजे कर्बाम्ल वायु, अर्थात् कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्याची वाफ होते. कर्बाम्ल वायूच्या वाटींत एक वाटाणा व दोन हरभरे. प्रथम वाटाणे वाटून टाकूं: चार वाटाणे, म्हणून कर्बाम्ल वायूच्या चार वाट्या. मग ज्वारी: दहा दाणे, म्हणून पाण्याच्या पांच वाट्या. प्राणवायूला मुद्दाम शेवटीं हात लावावयाचा. कारण डावीकडे तो आपल्या वाटींत एकटाच आहे, त्याच्या वाट्या कमीजास्त केल्या तरी दुसऱ्या कोणाचा हिशेब बिघडत नाहीं. उजवीकडे हरभरे किती लागले? चार वाट्यांत आठ, पांच वाट्यांत पांच, एकूण तेरा. पण हरभरे तर जोडीनें येतात, आणि तेरा ही संख्या विषम! साडेसहा वाट्या मांडाव्या, तर अर्धा रेणु कोठून आणावा? अशा वेळीं सारेंच दुप्पट करावें. ब्यूटेनच्या दोन, प्राणवायूच्या तेरा. उजवीकडे कर्बाम्ल वायूच्या आठ आणि पाण्याच्या दहा. हरभरे मोजा: डावीकडे सव्वीस, उजवीकडे सोळा आणि दहा, सव्वीस.

हे नुसते दाणे झाले. पण प्रत्येक अणूचें वजन ठाऊक असल्यामुळें हा हिशेब तराजूवर नेतां येतो. घरगुती सिलिंडरमध्यें १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा ब्यूटेनच आहे असें धरलें, तर तो पुरता जाळण्यास सुमारें ५१ किलो प्राणवायु लागतो. सिलिंडरवाला आणून देतो चौदा किलो. उरलेले एक्कावन्न किलो आपल्या खिडकींतून येतात, आणि त्यांची पावती कोणी फाडीत नाहीं. त्यांतून सुमारें ४३ किलो कर्बाम्ल वायु आणि २२ किलो पाणी निर्माण होतें. चौदा आणि एक्कावन्न मिळून पासष्ट; त्रेचाळीस आणि बावीस मिळून पासष्टच. लाव्हाझियेचें बंद पात्र तें हेंच.

मग ती खिडकी बंद असेल तर? प्रश्नाचें गांभीर्य येथें आहे. पांच फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच असें एक न्हाणीघर घ्या. त्यांतील हवेंत सगळा मिळून सव्वा किलोच्या आंतबाहेर प्राणवायु असतो. शंभर ग्रॅम गॅस जाळण्यास जवळजवळ ३६० ग्रॅम प्राणवायु खर्च होतो. म्हणजे दार-खिडकी लावून आंत गॅसचा गीझर चालविला, तर शंभर ग्रॅममध्यें चौथ्या हिश्शाहून अधिक सांठा संपला. ज्योत तर त्याच्या कितीतरी आधींच बिघडूं लागते.

ती बिघडते म्हणजे काय होतें, हें पुन्हां ताटावर पाहूं. ब्यूटेनच्या त्याच दोन वाट्या. पण प्राणवायूच्या आतां तेरा नाहींत, नऊच आहेत. आठ वाटाणे, ज्वारीचे वीस दाणे, हरभरे अठरा. ज्वारीला दहा हरभरे देऊन पाण्याच्या दहा वाट्या केल्या, तर उरले आठ हरभरे आणि आठ वाटाणे. एकास एक. हिशेब पुन्हां बिनचूक जुळला! निसर्ग हिशेब अपुरा कधींच ठेवीत नाहीं. माल कमी पडला तर तो दुसरीच वस्तु बनवितो. एक वाटाणा आणि एक हरभरा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पाण्याच्या वाटींत एक हरभरा अधिक टाकणाऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका तेवढी बिघडते. येथें वाटींतला एक हरभरा कमी झाला कीं माणूस जातो. प्रत्यक्ष ज्योतींत या दोन्ही क्रिया शेजारीं शेजारीं चालतात, आणि हवा जसजशी अपुरी पडते तसतसा दुसरीचा वाटा वाढतो.

या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. गॅसला जो उग्र दर्प येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टन नांवाच्या द्रव्याचा. तो गळती कळविण्यासाठीं असतो आणि ज्योतींत जळून जातो. म्हणून दर्प येत नाहीं एवढ्यावर निर्धास्त राहणें धोक्याचें आहे. रक्तांतील हिमोग्लोबिन हें प्राणवायूपेक्षां मोनॉक्साइडला दोनशेंहून अधिक पट आवडीनें धरतें. सबब हवेंत त्याचा थोडासा अंशहि रक्ताची वाट अडवून बसतो. डोकें जड होतें, मळमळतें, पायांतील शक्ति जाते, आणि कडी काढण्याचें भान राहत नाहीं. हिवाळ्यांत न्हाणीघरांतील गीझरमुळें माणसें दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांच्यामागें बहुधा हें नऊ आणि तेरांचें अंतर असतें. कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवल्यासहि हेंच घडतें. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवून दारें, झडपा, फटी बुजविण्याची जी चाल होती, आणि कोठें कोठें अजून असेल, तिचें समर्थन मला तरी करवत नाहीं. ऊब द्यावी, पण खिडकी उघडी ठेवून.

गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. शेगडीची निळी ज्योत पिवळी दिसूं लागली, पातेल्याच्या बुडाला काजळी धरूं लागली, तर बर्नर साफ करवून घ्यावा. काजळी म्हणजे ज्याला एकहि हरभरा मिळाला नाहीं असा वाटाणा. आंघोळ करतांना डोकें दुखूं लागलें किंवा घेरी येतेंसें वाटलें, तर अंग पुसण्यासाठींहि न थांबतां दार उघडून बाहेर यावें, मोकळ्या हवेंत बसावें आणि डॉक्टरांस बोलवावें. दुसरें कोणी आंत असेल तर प्रथम दार-खिडकी उघडावी, गीझर बंद करावा आणि त्याला ताबडतोब बाहेर काढावें.

सिलिंडरमधील दुसरा वायु प्रोपेन, तो मी आपल्याकडे सोंपवितों. त्याच्या वाटींत तीन वाटाणे आणि ज्वारीचे आठ दाणे आहेत. आधीं वाटाणे, मग ज्वारी, शेवटीं हरभरे, याच क्रमानें जा. या खेपेस दुप्पट करण्याचा प्रसंग येत नाहीं. प्राणवायूच्या पांच वाट्या आल्या म्हणजे तो हिशेब बरोबर समजावा. आणि त्यांतून दोन वाट्या काढून घेतल्या तर उजवीकडे काय काय उरतें, तेंहि एकदां मांडून पाहावें.