पाण्याला जागा देणारे उद्यान



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर बगीच्याचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या बगीच्याविषयी मी बोलणार आहे तो एका शेतकऱ्याच्या मुलाने घडविला, आणि त्यात विद्यापीठातल्या शिक्षणाइतकेच शेतातले शिक्षणही कामी आले.

चीनमधील शांघाय शहरातून ह्वांगपू नदी वाहते. तिच्या काठी होउतान येथे पूर्वी पोलादाचा कारखाना आणि जहाजे बांधण्याची गोदी होती. नंतर तेथे कारखान्यांचा माल व भंगार पडू लागले. नदीचे पाणी सरकारी प्रतवारीत सर्वांत खालच्या दर्जाचे, आणि काठाला काँक्रीटची उभी भिंत. २०१० साली शांघायला जागतिक प्रदर्शन भरले, त्यानिमित्त या १४ हेक्टर जागेवर उद्यान झाले.

त्याचे रचनाकार यू कोंगजियान. १९६३ साली झेजियांग प्रांतातल्या खेड्यात जन्म. लहानपणी म्हशी राखल्या, भातशेतीत राबले. दहा वर्षांचे असताना पुरात ओढ्यात ओढले गेले. काठच्या वाळुंज आणि बोरूच्या झाडोऱ्याने पाण्याचा वेग मंदावला होता म्हणून काहीतरी हाती लागले आणि ते वाचले. पुढे बीजिंगला शिकले, १९९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि मायदेशी परतून विद्यार्थी घडविले. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

होउतानला त्यांनी काँक्रीटच्या भिंतीऐवजी मोठ्या दगडांचा उतरता काठ केला. आतल्या बाजूस १.७ किलोमीटर लांबीची पाणथळ पट्टी काढली. नदीचे पाणी तिच्यात घ्यायचे, ते पायरीपायरीने खाली पडू द्यायचे म्हणजे त्यात हवा मिसळते; गाळ तळाशी बसतो, आणि बोरूसारख्या वनस्पतींची मुळे व त्यांवरचे सूक्ष्मजीव घाण खाऊन टाकतात. दिवसाला २,४०० घनमीटर पाणी अशा रीतीने तिसऱ्या दर्जापर्यंत शुद्ध होऊ शकते. पिण्यासाठी नव्हे, पण झाडांना व धुण्यापुसण्याला चालेल असे. शहराची जमीन नदीपेक्षा तीन ते पाच मीटर उंच. तो उतार भातखाचरांसारख्या पायऱ्यांनी तोडला आणि त्यांवर पिके लावली. महापूर आला तर ही सखल पट्टी आधी भरते, पाणी धरून ठेवते. उद्यान बुडाले तरी बिघडत नाही. ते बुडण्यासाठीच केलेले आहे!

ही कल्पना आपल्याला फार परकी वाटू नये. मुंबईची जुम्मा मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे आणि तिच्या हौदाला आजही झऱ्याचे पाणी येते. बांधणाऱ्यांनी पाणी बुजविले नाही, त्याला जागा दिली.

आता मला खटकणारी गोष्टही सांगतो. त्या प्रदर्शनाच्या एकंदर जागेसाठी शांघायमधली सुमारे १८,००० कुटुंबे हलविण्यात आली. उद्यानाची छायाचित्रे जगभर गेली, त्यांची कुठेच दिसत नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातील कित्येकांचे आजोबा-पणजोबा कोकणातून येऊन जहाजांवर आणि गोदीत राबले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतले बरेच काम तिकडे गेले. भाऊच्या धक्क्यापासून दारूखाना, शिवडी, वडाळ्यापर्यंत बंदराच्या जमिनी पसरल्या आहेत. त्यांच्या विकासाचा मसुदा २०१८ साली प्रसिद्ध झाला. शेजारी दाट वस्ती आहे, आणि त्यात आपले लोक आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सखल भागातल्या घरांचे काय झाले हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतर मिठी नदीला आपण भिंती बांधल्या. शांघायमध्ये जे काढले, तेच आपण उभे केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्या या किनाऱ्यावर पाणी धरणारी मोकळी जागा ठेवायची की मनोरे उभारायचे, आणि मोकळी जागा ठेवलीच तर शेजारचा हातगाडीवाला तिथे संध्याकाळी मुलांना घेऊन बसू शकेल का, हे नकाशावर ठरणार आहे. नकाशे प्रसिद्ध होतात तेव्हा हरकतींसाठी मुदत असते. ते वाचता येणारी किती मुले आपल्या मोहल्ल्यात आहेत? डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यापलीकडे आपली नजर जात नाही. गल्फला जाणाऱ्या मुलाचे कौतुक होते, तेही योग्यच आहे. पण भूदृश्यरचना, नगररचना, वनस्पतिशास्त्र हेही पोट भरणारे विषय आहेत.

वास्तुशास्त्राची पदवी पाच वर्षांची. प्रवेशासाठी ‘नाटा’सारखी परीक्षा द्यावी लागते. त्यापुढे भूदृश्यरचनेचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुलींच्या पालकांनी पुण्याचे डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुशास्त्र महाविद्यालय एकदा पाहून यावे. आणि दहावीनंतर विषय निवडताना मुलीचे गणित सोडवू नका. या प्रवेशासाठी बारावीला गणित लागते.