सीबीडीचा फुल फॉर्म आणि बँकेच्या परीक्षेचं इंग्लिश

आजचा भाग बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. पण ज्यांना परीक्षा द्यायची नाही, त्यांनीही लगेच बंद करू नका. आयुष्यात कधीतरी कुठल्या तरी कर्जाच्या कागदावर सही करणार असाल, तर हे तुमच्यासाठीही आहे.

आधी एक सोपा प्रश्न. सीबीडी बेलापूर हे नाव आपण रोज ऐकतो. त्यातलं सीबीडी म्हणजे काय? सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. शहराचा मुख्य व्यापारी भाग. आता वाशीचं एपीएमसी घ्या. अॅग्रिकल्चरल प्रोड्यूस मार्केट कमिटी. यातलं ‘प्रोड्यूस’ म्हणजे ‘उत्पादन करणे’ नाही, तर शेतमाल. भाजी, फळं, धान्य. स्पेलिंग तेच, पण नाम असेल तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर येतो. म्हणजे बघा, हार्बर लाइनवर दोन पाट्या वाचल्या तरी चार शब्द मिळाले.

आता परीक्षेचं बोलू. आयबीपीएसची क्लार्कची पूर्वपरीक्षा, जिला 2025 पासून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असं नाव आहे, ती 100 प्रश्नांची आणि एका तासाची. त्यात इंग्लिशचे 30 प्रश्न, वेळ 20 मिनिटं. उत्तर चुकलं की पाव गुण कापला जातो. गणित आणि रीझनिंग मराठीतून देता येतं, पण इंग्लिशचा विभाग इंग्लिशमध्येच. आणि उतारा बऱ्याचदा बँका, महागाई, व्यापार, नोकऱ्या असल्याच विषयांवर येतो. आपली मुलं गणितात मार खात नाहीत, इथे खातात.

मग काय करतात? पाचशे शब्दांची पीडीएफ डाउनलोड करतात. एका बाजूला इंग्लिश, दुसऱ्या बाजूला मराठी. पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. कारण पैशाचा शब्द म्हणजे एक व्यवहार असतो. त्यात कुणीतरी देतं, कुणीतरी घेतं, आणि दिलं नाही तर काहीतरी होतं. हे तीन प्रश्न प्रत्येक शब्दाला विचारा: देणारा कोण, घेणारा कोण, आणि पैसे बुडाले तर काय?

आणि परके शब्द म्हणून घाबरू नका. ‘पगार’ आणि ‘लिलाव’ हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. ‘हप्ता’ फारसी. ‘जमा’, ‘रक्कम’, ‘वसूल’, ‘कर्ज’ हे मुळात अरबी. आपल्या आजी-आजोबांनी हे शब्द यादी पाठ करून शिकले नव्हते. व्यवहार करता करता तोंडात बसले. इंग्लिशचंही तसंच करायचं.

पहिला प्रश्न, देणारा कोण? मराठीत आपण ‘उसने घेतले’ आणि ‘उसने दिले’ म्हणतो. शब्द एकच, क्रियापद बदलतं. इंग्लिशमध्ये शब्दच बदलतो. घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. ‘बॉरो फ्रॉम’, ‘लेंड टू’. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत हे हमखास सापडतं.

याच घरातली दुसरी जोडी. शब्दाच्या शेवटी ‘ओआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर तो सहसा करणारा, आणि ‘डबल ई’ असेल तर ज्याच्या बाबतीत केलं जातं तो. एम्प्लॉयर नोकरी देतो, एम्प्लॉयी ती करतो. चेकवर ज्याचं नाव लिहिता तो पेयी. नवी मुंबईत तर याचं उदाहरण घरोघरी आहे. सिडकोने इथले प्लॉट बहुतेक करून भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजवर दिले. कागदावर सिडको लेसॉर आणि आपली सोसायटी लेसी. घरात लीज डीडची झेरॉक्स असेल तर आज काढून बघा.

फक्त एक जागा सांभाळा. मॉर्गेज, म्हणजे गहाण. इथे मॉर्गेजर कोण? बँक वाटते ना? नाही. घर गहाण ठेवतो तो कर्जदार मॉर्गेजर, आणि बँक मॉर्गेजी. पैसे बँक देते हे खरं, पण गहाण कोण देतं ते विचारा, गोंधळ होणार नाही. आणि या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे, उच्चारात नाही.

आता दोन चेहऱ्यांचे शब्द. ‘डिफॉल्ट’ तुम्ही फोनच्या सेटिंगमध्ये पाहता, म्हणजे आधीपासून ठरलेलं. बँकेत डिफॉल्ट म्हणजे हप्ता थकवणं. ‘आउटस्टँडिंग’ विद्यार्थी म्हणजे हुशार, पण ‘आउटस्टँडिंग अमाउंट’ म्हणजे येणं बाकी असलेली रक्कम. ‘अॅप्रिशिएट’ म्हणजे कौतुक करणं, पण खारघरच्या फ्लॅटची किंमत ‘अॅप्रिशिएट’ झाली म्हणजे वाढली. आणि सगळ्यात फसवा शब्द ‘क्रेडिट’. पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा. पण दुकानदाराकडून क्रेडिटवर माल आणला तर? उधारीवर. एका शब्दात जमाही आणि उधारीही! उताऱ्यात असा शब्द आला की आजूबाजूचं वाक्य वाचा, मग पर्यायाकडे जा.

तिसरी गोष्ट, शब्दांच्या जोड्या. इंग्लिशमध्ये कर्ज माफ करतात तेव्हा ‘वेव्ह’ करतात. रिटर्न ‘फाइल’ करतात. भांडवल ‘रेझ’ करतात. चेक वटला तर ‘ऑनर’, परत आला तर ‘डिसऑनर’. रिकाम्या जागा भरताना ही जोडी कानात असेल तर पाच सेकंदात उत्तर येतं. म्हणून शब्द एकटा लिहायचा नाही. वहीत ‘लोन’ असं लिहू नका, ‘वेव्ह अ लोन’ असं लिहा.

आता तो तिसरा प्रश्न, पैसे बुडाले तर काय? इथे मी घरातली गोष्ट सांगते.

माझ्या मामांनी मित्राच्या टेम्पोच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली. मामांना ‘जामीनदार’ शब्द चांगला माहीत होता. पण फॉर्म इंग्लिशमध्ये होता आणि त्यात लिहिलं होतं, ‘जॉइंटली अँड सेव्हरली लाएबल’. मामांना वाटलं, दोघांची जबाबदारी म्हणजे अर्धी-अर्धी. पुढे टेम्पोचा अपघात झाला, मित्राचे हप्ते थकले आणि नोटीस आली मामांना. अर्ध्या रकमेची नाही, सगळ्या थकबाकीची. मामींनी बांगड्या ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि ते पैसे भरले.

‘सेव्हरली’चा इथे अर्थ ‘प्रत्येकजण स्वतंत्रपणे’. म्हणजे सगळी रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करता येते. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 128 नुसार करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तिथे शब्द आहे ‘को-एक्स्टेन्सिव्ह’. परीक्षेत असा शब्द अडला तर पाव गुण जातो. मामींच्या बांगड्या गेल्या.

आणि याच गोष्टीत बँकिंग अवेअरनेसचा आवडता प्रश्नही लपलाय. टेम्पो कर्जदाराकडेच राहतो, तो चालवतो, पण त्यावर कर्ज देणाऱ्याचा हक्क असतो. याला ‘हायपोथिकेशन’ म्हणतात. गाडीच्या आरसी बुकावर बघा, नोंद असते. मामींनी बांगड्या हातातून काढून तारण म्हणून ताब्यात दिल्या, ते झालं ‘प्लेज’. आणि घर किंवा जमीन तारण असेल तर ‘मॉर्गेज’. टेम्पो, बांगड्या, घर. आता हे तीन शब्द विसराल का?

मग रोज करायचं काय? पनवेल ते वाशी साधारण अर्धा तास लागतो. तेवढा पुरे. दिवसाला पाचच शब्द घ्या. पीडीएफमधून घेऊ नका, घरातल्या कागदांतून घ्या: पासबुक, विजेचं बिल, बाबांची पगाराची स्लिप, विम्याची पॉलिसी, फोनच्या हप्त्याचा मेसेज. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य बनवा, त्यात माणूस आणि रक्कम हवी. ‘माय अंकल स्टूड गॅरंटर फॉर हिज फ्रेंड’ असं. ते वाक्य मित्राला व्हॉइस नोट करून पाठवा. त्याने तुम्हाला मराठीत विचारायचं: देणारा कोण, घेणारा कोण, बुडालं तर काय? उत्तर देता आलं तर शब्द तुमचा.

दोन्ही भाषांत करायला सांगतेय, त्याला कारण आहे. क्लार्कच्या भरतीत राज्याची भाषा येणंही गरजेचं असतं. उद्या तुम्ही काउंटरच्या आत बसाल, तेव्हा समोर एखादे मामा फॉर्म घेऊन उभे असतील. त्यांना ‘सेव्हरली’ म्हणजे काय हे सही करण्याआधी मराठीत समजावणारं कुणीतरी तिथे हवं. ते तुम्ही असा.

तर आजचा गृहपाठ: घरातला एक इंग्लिश कागद काढा, त्यातले न समजलेले पाच शब्द शोधा आणि मला पाठवा. पुढच्या भागात त्यातलेच निवडून घेऊ. तोपर्यंत अभ्यास करा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका. भेटूया!