हुगळीकाठचे चर्च आणि मोडीचे खिळे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या भाषणावरून)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही एका चर्चचा विषय सुचविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, ‘मराठी मंडळात चर्च कशाला?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस आजची संध्याकाळ लागणार आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली म्हणजे ऋतूसारखी गोष्ट. आमची कोलकात्यास बदली झाली, त्या पहिल्याच आठवड्यात कचेरीतील एका वयस्कर बंगाली सहकाऱ्यांनी हसतहसत ‘या, बर्गीबाबू’ म्हणून आमचे स्वागत केले. आपल्यापैकी बहुतेकांना हा अनुभव असेलच. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची आठवण येथे अंगाईगीतात शिल्लक आहे. बंगालच्या इतिहासात मराठी माणसाचे एवढेच एक पान असावे, याची आम्हांस खंत वाटे. दुसरे पान आम्हांस श्रीरामपुरात सापडले. मनमाड-दौंड लोहमार्गावरचे आपले श्रीरामपूर नव्हे. हुगळीच्या पश्चिम तीरावरचे, बराकपूरच्या समोरचे.

हे गाव एके काळी डेन्मार्कच्या राजाचे होते. ज्या नबाब अलिवर्दीखानाने १७५१ साली मराठ्यांशी तह केला, त्याच्याकडूनच डेनिश कंपनीने १७५५ साली येथे वखारीची परवानगी मिळविली आणि आपल्या राजाच्या नावावरून गावाला ‘फ्रेडरिक्सनगर’ म्हटले. व्यापार बेताचाच होता. इंग्रजांनी दोनदा गाव ताब्यात घेतले, परत दिले आणि अखेर १८४५ साली विकतच घेतले. एवढ्याशा या वसाहतीचे नाव इतिहासात राहिले ते ओले बी नावाच्या तिच्या गव्हर्नरामुळे.

ईस्ट इंडिया कंपनीला त्या वेळी आपल्या मुलुखात पाद्री नको होते. धर्माच्या नावाने लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही तिची भीती. १८१३ च्या सनदेपर्यंत परवान्यावाचून आलेल्या मिशनऱ्याला परत धाडण्याचा तिचा परिपाठ होता. म्हणून ऑक्टोबर १७९९ मध्ये मार्शमन आणि वॉर्ड यांची मंडळी सरळ डेनिश निशाणाखाली उतरली आणि जानेवारी १८०० मध्ये विल्यम केरी त्यांना येऊन मिळाले. गव्हर्नर बी यांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली करण्याचे नाकारले. केरी मूळचे चांभारकाम करणारे; भाषा शिकले त्या बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर. त्या वर्षाअखेर, २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा आणि केरींच्या फेलिक्स या मुलाचा बाप्तिस्मा याच नदीत झाला. कृष्ण पालाचा निखळलेला हात या मंडळींपैकी डॉक्टर टॉमस यांनी बसविला होता. ओळखीची सुरुवात तेथून. या मंडळींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे त्यांनी कधी लपविले नाही, आणि आम्हीही आज लपवू इच्छीत नाही.

आता चर्चकडे वळू. हे संत ओलाफचे चर्च बाप्टिस्ट मिशनचे नव्हे. ते डेनिशांच्या लूथरपंथाचे. ओलाफ हा नॉर्वेचा अकराव्या शतकातील राजा, पुढे संत मानला गेलेला; आणि त्या काळी नॉर्वे व डेन्मार्क एकाच मुकुटाखाली होते. ओले बी यांनी वर्गणी काढून १८०० साली काम हाती घेतले. पलीकडच्या तीरावर बराकपुरात राहणाऱ्या लॉर्ड वेलस्लींनीही हजार रुपये दिले. आपल्या बंगल्यातून नदीपलीकडे चर्चचा मनोरा दिसला की देखावा पुरा होईल, अशी त्यांची इच्छा होती म्हणे! काम १८०६ साली पुरे झाले; ओले बी आदल्या वर्षीच निवर्तले होते. समोर जोडखांबांचा ओटा, वर राजा सातव्या ख्रिश्चनची मुकुटांकित मुद्रा, त्यावर चौकोनी घंटाघर. अंगणात जुन्या डेनिश तोफा आहेत. लूथरपंथी धर्मोपदेशक नसल्यामुळे येथील उपासना केरी आणि त्यांचे सहकारी चालवीत. यजमान एका पंथाचे, उपदेशक दुसऱ्या पंथाचे आणि गाव रामाच्या नावाचे!

मराठीचा संबंध येतो तो येथे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली आणि संस्कृत शिकवीत. १८०४ पासून त्यांच्याकडे मराठीही आली. श्रीरामपुराहून ते होडीने जात. त्यांच्या हाताशी कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ हे होते. या दोघांच्या खटपटीतून १८०५ साली मराठीचे व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले होते, पण ते रोमन लिपीत. पुढे श्रीरामपुरात मोडीचे खिळे पाडले गेले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश त्या खिळ्यांनी निघाला. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागून कागद, हस्तलिखिते आणि ओतीव खिळे यांची राख झाली. पोलादी ठसे मात्र ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले, त्यामुळे काही महिन्यांत खिळे पुन्हा ओतता आले. १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली. मग हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळही निघाली. ज्यांच्या घोड्यांच्या टापांनी बंगाल हादरला होता, त्यांचीच वंशावळ बंगाली कारागिरांच्या देशात मोडीत छापली जात होती, हे वाचून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो.

ती मराठी निर्दोष होती असे नाही. मुंबईस १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी बायबलचे भाषांतर नव्याने करावयास घेतले आणि १८३१ च्या मोल्सवर्थकोशापुढे केरींचा कोश मागे पडला. परंतु आरंभ तो आरंभच.

येथे एक कबुली देणे भाग आहे. श्रीरामपूर कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही तो कोश पाहावयास मागितला. तेथील बंगाली गृहस्थांनी तो अदबीने उघडून आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, तुमच्या भाषेतले आहे, थोडे वाचून दाखवा. येथे कोणाला येत नाही.’ आम्ही पानावर नजर टाकली. मोडी! आमचे आजोबा मोडीत जमाखर्च लिहीत. त्यांच्या वह्यांवर आम्ही लहानपणी रेघोट्या ओढल्या आहेत. पण आम्हांस एक अक्षर लागेना. शेवटी इंग्रजी अर्थ वाचून मराठी शब्द ओळखण्याची कसरत आम्ही सुरू केली. तीनचार शब्दांनंतर त्या गृहस्थांच्या ते ध्यानात आले असावे, पण त्यांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिले. पदवी घेतलेला, जन्माने मराठी, सभांतून मातृभाषेवर बोलणारा सरकारी अधिकारी. आणि नॉर्दम्प्टनच्या परगण्यातून आलेल्या एका चांभाराने सजविलेले आपल्याच भाषेचे पान त्याला वाचता येऊ नये! परतीच्या होडीत आम्ही कोणाशी बोललो नाही.

त्या होडीत मनात घोळत होते ते वैजनाथ पंडित. व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरींनी त्यांचे ऋण मानले आहे. केरी, मार्शमन, वॉर्ड यांची नावे श्रीरामपुरात पावलोपावली भेटतात. कॉलेज त्यांचे, ९ जून १८३४ रोजी वारलेल्या केरींची समाधी तेथेच. वैजनाथांच्या नावाची पाटी आम्हांस कोठे दिसली नाही. बंगालमध्ये नोकरीस राहून मराठीसाठी काही करून गेलेला हा माणूस आपल्या मंडळाचा मूळ पुरुष म्हणावयास हरकत नाही. वर्गणी तेवढी त्याने भरलेली नाही.

चर्चचेही दिवस मध्यंतरी वाईट होते. छत खचले, इमारत धोक्याची ठरली आणि दारे बंद झाली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या साहाय्याने दुरुस्ती होऊन २०१६ साली ती पुन्हा उघडली आणि त्याच वर्षी युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कारही तिला मिळाला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या गावातील छतासाठी डेनिश लोक धावून आले.

तेव्हा आमची कार्यकारिणीस एक विनंती आहे. मंडळाच्या ग्रंथालयात दर रविवारी तासभर मोडीचा वर्ग सुरू करावा. शिकविण्यास आपल्यातीलच एक आजी तयार आहेत. त्यांचे नाव जाहीर करू नये, असे त्यांनी बजावले आहे. पहिला विद्यार्थी म्हणून आमचे नाव लिहून घ्यावे. वर्ग पुरा झाला की आपण सारे होडीने श्रीरामपूरला जाऊ. त्या ग्रंथालयातील गृहस्थांना आम्ही तसे सांगून ठेवले आहे.