बंब येईपर्यंत



१४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या, दारूगोळाही होता. आग विझवत असतानाच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो.

त्या निमित्तानं आम्ही गटातल्या बायका पुण्याला एरंडवण्याचं अग्निशमन संग्रहालय बघून आलो. मोटारी नव्हत्या तेव्हा आग कशी विझवायचे, हे तिथं नीट समजलं. बंबाच्या टाकीत माणसं रांगेनं बादल्या ओतायची. दोन्ही बाजूंना लांब दांडे असायचे. इकडचे दाबणार, तेव्हा तिकडचा दांडा वर येणार. सगळ्यांचा ताल जमला, तरच पाण्याची धार लांब जायची.

परत येताना एसटीत हाच विषय निघाला. बंब आता मोटारीवर आला खरा, पण तो असतो तालुक्याला. आपल्या वस्तीवर पोचेपर्यंत कडब्याची गंजी राहत नाही, गोठाही राहत नाही. म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं आजही गावाच्याच हातात आहेत. म्हणून पुढच्या गोष्टी पाठच करू या.

कढईतलं तेल पेटलं, तर पाणी मुळीच ओतू नका. पेटतं तेल उसळून अंगावर येतं. गॅस बंद करा, वर मोठं झाकण ठेवा आणि कढई उचलू नका.

गॅसचा वास आला, तर विजेच्या बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून दार उघडं हवंच.

पदर पेटला, तर पळू नका. पळताना वारा लागून आग भडकते. जमिनीवर पडून लोळा. दुसरीनं जाड सुती गोधडी घट्ट गुंडाळावी. भाजल्या जागी वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. मग थेट दवाखाना.

वायरिंग पेटलं, तर आधी मेन स्विच बंद करा. त्यावर पाणी नको.

आता गटासाठी एक काम. येत्या मासिक बैठकीत बचत-हप्त्यांचा हिशोब झाला की हा विषय घ्या. पापड-फरसाण करतो त्या खोलीत वाळूची बादली, जाड गोधडी आणि जमल्यास गटाच्या पैशातून एक अग्निशामक सिलिंडर ठेवा. १०१ आणि ११२ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. बादल्या कुणी भरायच्या, जनावरं कुणी सोडायची, फोन कुणी करायचा, हे नावानिशी ठरवा. आणि एकदा सगळ्या मिळून करून बघा. ताल आधीच जमलेला बरा.