बँक बंद, कारखाना चालू

ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले बेकायदा चढवलेले, त्यांवर अवजड जनरेटर. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींना मोठे तडे गेले. खाली एका बँकेची शाखा होती. बँकेनं आपल्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापण्याचा दम देऊन आत घातलं. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. ११३४ माणसं गेली. त्यांत बहुतेक तरुण बायका.

बँकेला जे कळलं ते कारखानदाराला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्याच्यामागे जहाजाची तारीख होती. ती चुकली की माल विमानानं धाडायचा, आणि ते भाडं बहुधा त्याच्याच माथी. कापडाचा भाव त्याच्या हातात नाही. हातात काय, तर मजुरी आणि कामाचे तास. त्याची वकिली मी करत नाही. पण दर आणि तारीख ठरवणारे ब्रँड बसतात युरोप-अमेरिकेत, आणि ढिगाऱ्यात लेबलं सापडल्यावर त्यांच्यातल्या काहींनी चक्क कानांवर हात ठेवले.

तिथल्या काही कारखान्यांची परदेशी ग्राहकांसाठी तपासणीही झालेली होती बरं का! कामाचे तास बघितले, वयाचे दाखले बघितले. इमारत उभी राहील का, हे बघणं तपासनिसांच्या कामात बसत नव्हतं.

मग बांगलादेशी कपडे घेऊच नयेत? मला हे पटत नाही. खेड्यातून आलेल्या मुलीच्या हातात स्वतःची कमाई पडते ती त्याच मशीनवर. फरक पडला तो करारानं. मे २०१३ मध्ये कामगार संघटनांनी कंपन्यांशी ‘अकॉर्ड’ केला. पुढं दोनशेहून जास्त कंपन्या त्यात आल्या. करार कायद्यानं बांधणारा: इंजिनिअर इमारत तपासणार, अहवाल जाहीर होणार, दुरुस्तीला नकार दिला तर ऑर्डर बंद. वॉलमार्ट आणि गॅप यांनी मात्र आपली वेगळी चूल मांडली.

या करारात खांब आले, जिने आले, आगीच्या वेळी उघडणारे दरवाजे आले. मजुरी आली नाही. २०२३ मध्ये कामगार महिन्याला किमान २३,००० टाका मागत रस्त्यावर उतरले. पोलिसांशी चकमकी झाल्या, काही जीव गेले. सरकारनं ठरवले १२,५००.